खुणेच्या घरातली ड्रुसी मावशी

हार्डी बेटं नेमकी किती, हे हार्डी बेटांवर कुणाला विचारू नये. थोरलं, धाकटं आणि बाहेरलं या तिघांवर माणसं राहतात, तेवढ्याबद्दल वाद नाही. बाकी सगळे खडक. ओहोटीला मोजायला बसलात तर बोटं पुरत नाहीत आणि भरतीला मोजलेत तर निम्मे पाण्याखाली दडी मारून बसलेले असतात. धाकट्या बेटावरचे लोक 'उपाशी' नावाच्या खडकालाही बेट म्हणतात, कारण कुणाची तरी मेंढी म्हणे त्यावर अख्खं वर्ष जगली होती. थोरल्यावरचे म्हणतात, मेंढी शेवटी मेलीच ना, मग कसलं बेट? न्यूफाउंडलंडच्या अख्ख्या किनाऱ्यावर इतक्या थोड्या जमिनीसाठी इतकं भांडण दुसरीकडे कुठे होत नसेल.

पण एका गोष्टीवर तिन्ही बेटांचं एकमत होतं. पार्डींचं घर हलता कामा नये.

थोरल्या बेटाच्या टोकाला कडा आहे आणि त्या कड्यावर हे पिवळं घर. तिथून पार आत समुद्रात पाण्याखाली एक खडप आहे, त्याचं नाव 'फडताळ'. फडताळातला कॉड मासा कधी संपत नाही अशी त्याची ख्याती, म्हणून ते नाव. आता पाण्याखालचं खडप वरून कसं दिसणार? त्यासाठी खूण लागते. पार्डींच्या धुराड्याच्या बरोब्बर खाली 'सासू' नावाचा खडक आला आणि त्याच वेळी धाकट्या बेटावरच्या चर्चचा मनोरा दोन टेकड्यांच्या फटीत दिसला, की नांगर टाकायचा. धुराडं जरा डावीकडे सरकलं तर खाली नुसता चिखल. उजवीकडे सरकलं तर सासू स्वतःच होडीला भेटायला येते.

ड्रुसिला लग्न होऊन बाहेरल्या बेटावरून इथं आली तेव्हा तिला वाटलं, आपण एलिझर पार्डीची बायको झालो. महिनाभरात कळलं की आपण एका खुणेत राहायला आलोय. घराला निळा रंग द्यावा अशी तिची हौस होती. रंगाचा डबा धक्क्यावर उतरला आणि संध्याकाळच्या आत तिन्ही बेटांचे तांडेल, म्हणजे होड्यांचे म्होरके, दारात हजर. डबा आल्या वाटेनं परत गेला. खिडकी मोठी करायची म्हटली, पुन्हा तेच शिष्टमंडळ. एकदा धुक्याच्या सकाळी तिनं पांढरी चादर कड्यावर वाळत घातली. ओबेद स्टकलेसला वाटलं, हा सासूवरचा पक्ष्यांनी केलेला पांढरा पट्टा. त्यानं त्या हिशोबानं होडी वळवली आणि सासूच्या पायावर डोकं ठेवलं. तेव्हापासून पार्डींचे कपडे घरामागे, जिथे ऊन फिरकत नाही, तिथे वाळायला लागले. म्हणजे वाळत नसत.

"अगं, सरकारी नकाशातही टिंब आहे आपल्या घराचं," एलिझर मोठ्या अभिमानानं सांगायचा.

"टिंबाला ओले कपडे घालावे लागत नाहीत," ड्रुसी म्हणायची.

तरी एलिझर होता तोवर ठीक होतं. तो बोलका माणूस, घरात दोघंच असली तरी चौघांचा गलबला. तो गेला आणि ड्रुसी कड्यावर एकटी राहिली. मूलबाळ नव्हतं. खालच्या वस्तीतून वर यायची वाट इतकी उभी, की तिला सगळे 'शिडी'च म्हणतात. बायकांचे गुडघे कुरकुरायचे, पुरुषांना वर यायचं कारण नव्हतं. तिची जिवाभावाची मैत्रीण फ्रोनी खाली दुकानाशेजारी राहायची. तिचा नवरा गार्लंड दुकान चालवायचा. फ्रोनी कधीमधी खालूनच हाक मारायची, "ड्रुसी, बरी आहेस ना गं?" वारा ती हाक उचलून भलतीकडेच घेऊन जायचा.

पण गावाला हाकेची गरज नव्हती. धुराड्यातून धूर निघाला की गाव समजायचं, ड्रुसी बरी आहे.

आणि इथेच घोडं पेंड खायचं. त्या वर्षी पानगळीच्या सुमारास ड्रुसीला सडकून ताप आला. अंगात कपभर पाणी उचलायचं त्राण नव्हतं. पण थंडीनं हाडं वाजायला लागली, तेव्हा ती पलंगावरून सरपटत उतरली, स्टोव्हमध्ये लाकडं सारली आणि पुन्हा पांघरुणात शिरली. धूर निघाला. गाव निश्चिंत झालं. दुसऱ्या दिवशीही तेच, त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. ती तापात दाराकडे बघत पडायची आणि वर धुराडं आपलं सगळ्यांना सांगत असायचं, काही काळजी करू नका.

ताप उतरल्यावर ती दगड धरत धरत शिडी उतरून खाली आली. धक्क्यावर ओबेद जाळं विणत बसला होता. हा थोरल्या बेटाचा सगळ्यात मोठा तांडेल. साठी उलटलेला, नाकावर माशी बसू न देणारा.

"काय ड्रुसी!" तो खुशीत म्हणाला. "या आठवड्यात धूर काय झकास सरळ जात होता! फडताळ डोळे मिटून सापडलं बघ."

ड्रुसी तशीच पाठ फिरवून निघाली. तिचा संताप संताप झाला होता. रोज पहाटे तिन्ही बेटांचे सगळे डोळे तिच्या घरावर खिळलेले असायचे, आणि घरातली बाई मेली की जगली हे एकालाही ठाऊक नव्हतं.

आमच्याकडे एक रीत आहे. कुणाला घर हलवायचं असेल तर रविवारी प्रार्थना संपल्यावर चर्चच्या पायरीवर उभं राहून तसं सांगायचं. घर म्हणजे सामान नव्हे, अख्खं लाकडी घर, छपरासकट. मार्चात बर्फ दगडासारखा टणक झाला की घराखाली ओंडके सारायचे, दोर बांधायचे आणि हात असलेल्या प्रत्येक पुरुषानं यायचं. नाही म्हणायचं नाही. आज नाही म्हटलं आणि उद्या आपलं घर अडलं, तर कोण येणार?

रविवारी ड्रुसी पायरीवर उभी राहिली. "मार्चात माझं घर खाली न्यायचंय. फ्रोनीच्या घराशेजारची जागा मोकळी आहे, तिथं."

कुणीतरी खोकलं. ओबेदच्या तोंडातला पाइप विझला. धाकट्या बेटावरचा एक म्हातारा बायकोला विचारायला लागला, "काय म्हणाली? काय म्हणाली?" आणि बायकोनं कानात सांगितल्यावर त्याला पायरीवरच बसावं लागलं. नाही म्हणायची कुणाची टाप नव्हती. पण मार्चाला अवकाश होता.

पहिला आला ओबेद. दुसऱ्याच संध्याकाळी, शिडी चढून, धापा टाकत.

"ड्रुसी, विचार कर. वरून काय देखावा दिसतो!"

"तूच ये राहायला."

"खाली डास असतात."

"डास तरी येतात भेटायला."

ओबेदनं काकवी घातलेला चहा प्यायला, दुसरा कप मागितला आणि जाताना म्हणाला, "तुझी मागची पायरी डुगडुगतेय. उद्या येतो, ठोकतो." तो खरंच आला. त्याच्या मागोमाग बाकीचे. कुणी लाकडं फोडून रचून ठेवली. कुणी समुद्री बदक मारून आणलं. शिडीला धरायला दोर बांधला गेला. खाडी गोठल्यावर धाकट्या बेटाचे तांडेल बर्फावरून चालत आले, सोबत बायकोनं दिलेला बेरीचा मुरंबा. येणारा प्रत्येक जण सुरुवातीला घराबद्दल दोन वाक्यं बोलायचा आणि मग चहा, आणि मग पत्ते. नाताळ उलटेपर्यंत ड्रुसीच्या स्वयंपाकघरात बसायला जागा मिळेना. तांडेल लोक खिडकीच्या कठड्यावर बसून पानं टाकायचे आणि ओबेद रोज हरायचा.

"मग काय ठरलं, मावशी?" निघताना कुणीतरी विचारायचंच.

"बघू," ड्रुसी म्हणायची. या एका शब्दावर तिनं अर्धा हिवाळा काढला. मनातून मात्र तिची घालमेल चालली होती. घर असं भरलेलं असेल तर कशाला हलायचं? तिनं फ्रोनीला तसं बोलूनही दाखवलं. फ्रोनीही आता नव्या दोराला धरून हळूहळू वर यायला लागली होती.

"वेडी आहेस का गं?" फ्रोनी फटकन म्हणाली. "ही तुझ्यासाठी येतात होय? धुराड्यासाठी येतात. तू 'राहते' म्हणून तर बघ, शिडीवर चिटपाखरू दिसणार नाही."

"तुझं आपलं काहीतरीच."

"म्हणून बघ."

ड्रुसीला फ्रोनीला खोटं पाडायचं होतं. दुसऱ्या संध्याकाळी ओबेदनं नेहमीप्रमाणे विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "राहतेच म्हणते इथे. म्हातारपणी कुठं हलायचं?" सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. ओबेदनं तिचा हात हातात घेऊन इतका हलवला की बांगडी असती तर फुटली असती.

पुढच्या संध्याकाळी तिनं किटली चढवली, पानं पिसली, खुर्च्या मांडल्या. कुणी आलं नाही. तिला वाटलं, वारा आहे. त्याच्या पुढच्या संध्याकाळी वारा नव्हता. तिनं दोन डाव वाटले, स्वतःचा आणि ओबेदचा, आणि दोन्हीकडून स्वतःच खेळली. ओबेद तरीही हरला. मग तिनं पानं गोळा केली आणि तिला रडूच कोसळलं. फ्रोनीचं म्हणणं खरं ठरलं याचं दुःख तर होतंच, पण आपण महिनोन्‌महिने त्या चहापाण्याला माया समजलो याची लाज त्याहून जास्त होती.

रविवारी ती पुन्हा पायरीवर उभी. "मार्चात ओढायचं. ठरलं. आणि आता बदकं आणू नका."

बदकं तरीही आली. लाकडं आली. ओबेद तोंड पाडून आला. या वेळी ड्रुसीनं चहा दिला, पण बघूबिघू काही म्हणाली नाही.

शेवटी तोडगा काढला गार्लंडनं. गार्लंडचं दुकान एकमजली, पण रस्त्यावरून दुमजली दिसतं, कारण त्यानं समोरून उंच फळ्या ठोकून वरच्या मजल्याचा नुसता देखावा उभा केला आहे, खिडक्या रंगवून. "अरे, तुम्हाला घर हवंय की घराचं तोंड?" तो म्हणाला. "घर न्या खाली. त्याच जागी तोंड उभं करा. पिवळी भिंत आणि वर धुराडं. माशाला काय कळतंय!"

आनंदीआनंद झाला. ज्या माणसांनी हिवाळाभर ड्रुसीच्या हातापाया पडून घर अडवलं होतं, ती आता घर कधी एकदा निघतंय म्हणून उतावीळ झाली. समुद्राला एक सकाळसुद्धा बिनघराची दिसू नये म्हणून भिंतीच्या फळ्या आधीच कापून, रंगवून शिडीवरून वर आणल्या गेल्या. घराच्या कोपऱ्यांवर खुंट्या ठोकल्या. धुराडं कुठं बसवायचं यावर ओबेदनं सगळ्यांना दटावलं, "मला शिकवू नका. जन्मभर बघतोय ते धुराडं."

ड्रुसी दारात उभी राहून ऐकत होती. "ओबेद, मी काय म्हणते—"

"तू सामान बांध, ड्रुसी."

ड्रुसीनं सामान बांधलं.

ओढायच्या दिवशी तिन्ही बेटांचे पुरुष कड्यावर जमले. ड्रुसीनं घरातून बाहेर यायला साफ नकार दिला. स्टोव्ह पेटता, त्यावर किटली आणि ओढणाऱ्यांच्या जेवणाचं पातेलं, आणि ती खुर्चीत, हात मांडीवर. "घर जाईल तिथं मी जाईन. तुम्ही ओढा," ती खिडकीतून म्हणाली. ओबेदनं ओढायचं गाणं घेतलं, सगळ्यांनी ओळ उचलली, आणि घर करकरलं, जरा रुसल्यागत थांबलं आणि मग निघालं. पुढून ओढणारे कमी होते, कारण उताराला खरं काम मागून धरून ठेवणाऱ्यांचं. त्या मागच्या दोराच्या गाठी ओबेदनं स्वतः मारल्या होत्या आणि दुसऱ्या कुणाला हातही लावू दिला नव्हता.

निम्म्या उतारावर गाठ सुटली.

एक क्षण कुणाला काही कळलं नाही. मग पुढचे ओढणारे दोर टाकून दोन्ही बाजूंच्या बर्फात उड्या मारते झाले आणि पिवळं घर, धुराड्यातून धूर सोडत, एकटंच निघालं. फ्रोनीचं कुंपण गेलं. मोकळी जागा आली आणि गेली. फ्रोनी दारात उभी राहून हात हलवत होती, निरोप दिल्यासारखी. गार्लंड दुकानासमोर उभा राहून "थांब! थांब!" असं घराला सांगत होता. घर थांबलं, पण दुकानाची भिंत आणि समोरचा कातळ यांच्या मधोमध, असं घट्ट, की बाटलीला बूच बसवावं.

सगळे धावत खाली आले. आतून आवाज नाही. ओबेदचा चेहरा पांढराफटक पडला होता. "ड्रुसी!" तो ओरडला. "ड्रुसी गं!"

खिडकी वर सरकली. ड्रुसीनं डोकं बाहेर काढून इकडेतिकडे बघितलं.

"पोचलो का?" ती म्हणाली.

त्यांनी पुढून ओढलं, मागून ढकललं. घर ढिम्म. "उद्या बघू," ठरलं. त्या संध्याकाळी दक्षिणेचा वारा सुटला, पाऊस पडला, आणि सकाळी बर्फाच्या जागी चिखल होता. ओंडके चिखलात रुतले. म्हणजे आता पुढच्या मार्चापर्यंत बोंबला.

खरी पंचाईत नंतर लक्षात आली. धक्क्यावरून विहिरीकडे आणि शाळेकडे जायला आमच्याकडे ती एकच वाट, आणि त्या वाटेत आता घर. एका अंगाला दुकान, दुसऱ्या अंगाला कातळ. वरून जायचं तर छपरावरून, खालून जायला जागा नाही. राहिला एकच मार्ग. घराचं मागचं दार धक्क्याकडे आलं होतं आणि पुढचं विहिरीकडे.

आता पुढच्या दाराचं असं आहे की आमच्याकडे ते कुणी वापरत नाही. सगळं गाव मागच्या दारानं, न ठोठावता, सरळ स्वयंपाकघरात. पुढचं दार फक्त पाद्रीबुवांसाठी आणि शवपेटीसाठी. ड्रुसीचं पुढचं दार शेवटचं उघडलं होतं ते एलिझरला बाहेर नेताना. त्यानंतर तिनं त्याला हात लावला नव्हता. बिजागऱ्या गंजून गेल्या होत्या.

बादली घेऊन पहिली आली फ्रोनी. मागच्या दारातून आत आली, स्वयंपाकघर ओलांडलं आणि त्या दारापुढे थांबली. "उघडू का गं?" तिनं हलकेच विचारलं.

ड्रुसीनं दारासमोरची खुर्ची बाजूला ओढली. "उघड," ती म्हणाली. "पाणी तर लागणारच."

फ्रोनीला ते उघडेना. ओबेदला बोलावलं. त्यानं खांदा लावला, दार किंचाळलं आणि उघडलं. विहिरीकडचा गार वारा घरात शिरला. ड्रुसीनं अॅप्रनच्या टोकानं डोळे टिपले आणि म्हणाली, "बूट पुसून जात जा म्हणावं सगळ्यांना."

कोण पुसतंय! त्या उन्हाळ्यात ड्रुसीच्या स्वयंपाकघरातून काय काय गेलं नाही? पाण्याच्या बादल्या गेल्या, शाळेची अख्खी पोरं गेली, ती रोज दोनदा. माशांच्या ढकलगाड्या गेल्या. एक बकरी गेली, ती टेबलावरचा पाव घेऊन. पाद्रीबुवा आले, त्यांना सवयीनं पुढच्या दारानं घ्यावं की मागच्या यावर बायकांत वाद झाला आणि तेवढ्यात ते दोन्हीतून जाऊन आले. धाकट्या बेटाची एक नवरी लग्नाच्या झग्यात गेली आणि झग्याला स्टोव्हची काजळी लागली म्हणून रडत परत आली. ड्रुसीनं ती पुसून दिली. ती दिवसभर ओरडायची, "दार लावा! पाय पुसा! अरे, ही काय सडक आहे का?"

"सडकच आहे, मावशी," लोक म्हणायचे आणि खुर्ची ओढायचे. कारण किटली कायम उकळती असायची, आणि कुणाच्या घरातून जाताना कपभर चहा न घेणं हे आमच्याकडे असभ्यपणाचं समजतात. जातानाचा एक कप, येतानाचा एक.

तिकडे कड्यावर भिंत उभी राहिली होती. गार्लंडनं तिच्यावर खिडकी रंगवली, खिडकीत पडदा, आणि हात आवरेना म्हणून पडद्याआड एक बाईही रंगवली. मासेमारी सुरू झाली त्या पहिल्या सकाळी तिन्ही बेटांच्या होड्या निघाल्या, धुराडं सासूवर आणलं, मनोरा फटीत धरला, नांगर टाकले. दुपारी सगळे परत आले. एका होडीत एक खेकडा होता.

सगळे ड्रुसीच्या स्वयंपाकघरात बसले, मान खाली घालून. फडताळ गेलं, म्हणाले. मासा रुसला, म्हणाले. कुणी म्हणालं खडपच सरकलं.

"धुराडं चुकीच्या बाजूला बसवलंय तुम्ही," ड्रुसी कणीक मळता मळता म्हणाली.

"छट्!" ओबेद म्हणाला. "जन्मभर बघतोय मी. धुराडं डाव्या हाताला."

"समुद्रातून बघतोयस ना? तिथून डाव्या हाताला. तू भिंत उभी केलीस ती समुद्राकडे तोंड करून."

ओबेदनं डावा हात वर केला. मग उठला, पाठमोरा झाला आणि पुन्हा डावा हात वर केला. मग सगळेच तांडेल उठून, हात वर करून, गोल गोल फिरायला लागले. तेवढ्यात विहिरीवरून फ्रोनी आली. तिला वाटलं, प्रार्थना चालली आहे. ती दारातच गुडघ्यावर बसली.

"मला सांगायचं होतं तेव्हा म्हणालास, सामान बांध," ड्रुसी म्हणाली. "आणि त्या गार्लंडला सांगा, माझं नाक एवढं मोठं नाही."

धुराडं सरकवलं. फडताळ सापडलं.

त्या पानगळीला ड्रुसीला पुन्हा ताप भरला. सकाळी ती उठली नाही, स्टोव्ह गार. पहिली बादली आत आली ती जागीच थांबली. दुसरी बादली येईपर्यंत स्टोव्ह पेटला होता, दुपारपर्यंत वाटाण्याच्या सुपाची पातेली इतकी जमली की ठेवायला टेबल पुरेना. पलीकडे जाणारे सगळे चवड्यांवर चालत जात होते आणि ड्रुसीच्या खोलीच्या दाराशी थांबून कुजबुजत होते, "झोपलीय का?" "झोपलीय." "खोकला आहे का?" तिला त्या कुजबुजीनं क्षणभरही झोप मिळाली नाही. इतकं बरं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

आणि मग पुन्हा मार्च आला. बर्फ दगडासारखा टणक झाला. ड्रुसी रोज खिडकीतून तो बर्फ बघायची आणि पडदा ओढून घ्यायची. फ्रोनीशेजारची जागा तिथून हाकेच्या अंतरावर. तिथं गेलं म्हणजे चांगलंच की, ती स्वतःला समजवायची. शेजार मिळेल. वाट मोकळी होईल. लोक बाहेरून जातील. या शेवटच्या विचाराशी आली की ती उठून उगाच किटली घासायची.  पायरीवर उभं राहून तिनंच तर सगळ्यांना ओढायला लावलं होतं. आता कुठल्या तोंडानं नको म्हणणार?

एका सकाळी बाहेर दोर आपटल्याचा आवाज झाला. माणसं जमली होती. ओबेद मागच्या दारानं आत आला आणि स्टोव्हकडे बघून थबकला. घर ओढायला आलेल्यांना घरच्या बाईनं जेवू घालायचं, मोठ्या पातेल्यात खारं मांस, कोबी आणि सलगम पहाटेपासून शिजत ठेवायचं, ही रीत. स्टोव्हवर नुसती किटली होती.

"पातेलं कुठाय?"

"नाही चढवलं."

"का?"

ड्रुसी टेबलाची कड घट्ट धरून उभी होती. "ओबेद," ती म्हणाली, "खरं सांग हं. माझी अडचण होते का रे तुम्हाला?"

ओबेदनं टोपी काढली. डोकं खाजवलं. बाहेर माणसं दोर ताणून वाट बघत होती.

"होते ना," तो म्हणाला. "रोज होते. पूर्वी विहिरीवर जायचं म्हणजे गेलो की आलो. आता पाण्याला निघतो तो जेवायच्या वेळी घरी पोचतो. बायको शिव्या घालते. आणि त्यातून तुझ्याकडे रोज हरतो."

त्यानं वळून दार उघडलं. "दोर गुंडाळा रे!" तो बाहेर ओरडला. "आज जमत नाही. पातेलं चढवलेलं नाही!"

"मग उद्या यायचं का?" कुणीतरी विचारलं.

"उद्याही चढवायची नाही ती," ओबेद म्हणाला. त्यानं खुर्ची ओढली, पानं घेतली आणि पिसायला लागला.

ड्रुसीनं त्याच्याकडे पाठ केली, कारण तिला रडू आलं होतं आणि तांडेलांसमोर रडायचं तिला मुळीच आवडत नसे. मागच्या दारातून एकेक जण आत येत होता, बर्फानं भरलेले बूट घेऊन. तिनं कप मोजायला घेतले, ते कमी पडले, आणि तिनं फ्रोनीकडून आणखी मागवले.